ससा ‘शांत’ बसलाय, की भ्यायलाय? कोकणातल्या घरात सशाची देहबोली वाचायची पद्धत

‘आमचा ससा एकदम गरीब हो, कुणीही उचला, हलायचा नाही.’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. उचलल्यावर न हलणारा ससा बहुतेक वेळा गरीब नसतो, भ्यायलेला असतो. कुत्रा भुंकून सांगतो, मांजर फिसकारतं. ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी. तो भीती वाटली की दगड होतो आणि दुखलं की लपवतो, कारण आजारी दिसणाऱ्यालाच शिकारी आधी धरतो.

लोक एक खूण धरतात आणि तिचा अर्थ लावून मोकळे होतात: कान मागे म्हणजे रागावला, आडवा पडला म्हणजे झोपला, पाय आपटला म्हणजे हट्ट करतोय. तेच कान, तीच आडवी पोझ वेगवेगळ्या वेळी अगदी उलट गोष्टी सांगतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतील, आणि नेमके तेच लोक गाळतात.

एक खात्री आधी करून घ्या. सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा गवत कापताना सापडलेलं पिल्लू घरी आणलं असेल तर ते पाळीव सशाचं नाही, रानसशाचं आहे. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. पाळीव सशाची उघडी-बोडकी आणि डोळे मिटलेली. रानससा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि तो पिंजऱ्यात माणसाळतही नाही. आई बहुधा जवळपासच असते, दिवसातून थोडाच वेळ पाजायला येते. पिल्लू होतं तिथेच ठेवून या.

## टप्पा 1: आधी जागा नीट करा

चुकीच्या जागी ठेवलेला ससा चोवीस तास घाबरलेला असतो, आणि मग तुम्ही त्याचा स्वभाव नव्हे, त्याची भीतीच वाचत बसता.

जमीन पाहा. गुळगुळीत लादीवर सशाचे पाय सटकतात, कारण त्याच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. लादीच्या कडेला येऊन थांबणारा ससा ‘आळशी’ नसतो, त्याला पुढे पाय टाकायची भीती वाटते. गोणपाट किंवा जुनी सतरंजी पसरा आणि दोन दिवसांत फरक बघा. सारवलेली जमीन त्याला फार आवडते, फक्त तो ती उकरून ठेवेल ही तयारी ठेवा. पिंजऱ्याला नुसती तारेची जाळी असेल तर तळपायाला जखमा होतात, आणि तळपाय दुखणारा ससा चिडका वाटतो.

लपायला जागा द्या. पुठ्ठ्याचं खोकं चालेल, पण त्याला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या खोक्यात ससा स्वतःला कोंडलेला समजतो.

ठिकाण निवडताना कोकणातला नेहमीचा मोह टाळा: मांगरातली पत्र्याखालची जागा, किंवा पडवीचा रस्त्याकडचा कोपरा. पत्रा मे महिन्यात तापतो. पडवीत रात्री मांजर, मुंगूस, कुत्री येऊन जातात. जाळीमुळे ती आत शिरली नाहीत तरी सशाला त्यांचा वास येतोच. माजघरातला, भिंतीला टेकलेला, वाऱ्याचा कोपरा उत्तम.

तपासा: नव्या जागेत ससा तीन-चार दिवसांत स्वतःहून खोक्याबाहेर येऊन अंग पसरून बसतो का? बसत नसेल तर पुढे जाऊ नका, जागेत काय खटकतंय ते शोधा.

## टप्पा 2: पंधरा दिवस वही

प्रत्येक सशाचं रोजचं वागणं वेगळं असतं. ते ठाऊक नसेल तर ‘आज काहीतरी बिघडलंय’ हे कळणार कसं? वहीत रोज चार गोष्टी लिहा: सकाळी खायला पुढे आला का, लेंड्या किती आणि केवढ्या, दिवसा कुठे पडून असतो, धावपळ किती वाजता करतो.

ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात. दुपारी बाराला तुम्ही त्याला खेळायला ओढून काढलंत आणि तो गुरगुरला, तर चूक त्याची नाही. वहीतल्या नोंदी पहाटेच्या आणि दिवेलागणीच्याच घ्या.

लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल, सुक्या आणि मोडल्या तर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या हव्यात. केस गळायच्या दिवसांत त्या केसात ओवल्यासारख्या माळेने पडतात. तसं झालं तर ब्रश वाढवा आणि सुकं गवत वाढवा.

नेहमीची गफलत: ससा मान वळवून स्वतःच्या मागच्या बाजूला तोंड नेतो आणि काहीतरी खातो. घरचे शिसारी येऊन त्याला हाकलतात. त्या वेगळ्या, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घोसासारख्या लेंड्या असतात आणि त्या त्याला खाव्याच लागतात; त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. उलट अशा मऊ लेंड्या न खाता पडून राहायला लागल्या, तर काळजी करा. बहुतेकदा दाणे, पोळी, फळं जास्त होत असतात किंवा लठ्ठपणामुळे तोंड तिथे पोचत नसतं.

## टप्पा 3: तुम्ही कसे बसता ते सुधारा

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला मागचं आणि वरचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोर आणि हनुवटीखाली आंधळी जागा असते. आपण नेमका तिथेच हात नेतो, तोही वरून. घार झडप घालते तसा.

जमिनीवर बसा, त्याच्याकडे तोंड न करता आडवे. टक लावून बघू नका. हातात वही ठेवा किंवा भाजी निवडा. सशाला खरं तर तुम्ही कशात तरी गुंतलेले आवडता. वीस मिनिटं तरी बसा. तो येऊन नाकाने ढोसेल, कपडे हुंगेल, कदाचित मांडीवर पुढचे पाय ठेवेल. त्या वेळी हात हलवायचा नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत जो माणूस हात आवरतो त्याच्याकडे ससा स्वतः येतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

## टप्पा 4: अंग, मग कान, मग डोळे-नाक

क्रम हाच ठेवा. बहुतेक जण कानांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

अंग. पहिला प्रश्न एकच: स्नायू सैल आहेत की ताठ? पाय पोटाखाली घेऊन पावाच्या लादीसारखा बसलेला ससा आरामात असतो. मागचे पाय बाजूला किंवा मागे लांब सोडलेले असतील तर त्याहून निवांत. अचानक धप्पकन कुशीवर पडून पोट दाखवणं म्हणजे विश्वासाची कमाल. पहिल्यांदा हे बघणारा माणूस ससा मेला समजून हंबरडा फोडतो. आमच्या घरात फोडला गेलाय.

आता ताठ अंग. जमिनीला चिकटलेला, डोकं खाली दाबलेलं, डोळे वटारलेले, श्वास भरभर: हा दबकलेला ससा. दिसायला पावाच्या लादीसारखाच, म्हणूनच घोटाळा होतो. फरक पाहायला मानेकडे बघा. आरामातल्या सशाची मान गळपट्ट्यात बुडालेली, मऊ दिसते. दबकलेल्याची मान पुढे ताणलेली असते. तिसरा प्रकार पाठ कमानीसारखी करून, पोट जमिनीवर दाबून, डोळे अर्धवट मिटून बसणाऱ्याचा. हा पोटदुखीचा ससा. त्याला निवांत समजू नका, थेट टप्पा 8 वाचा.

धावताना हवेत उडी मारून अंगाला पीळ देणं, डोकं एकीकडे आणि मागचे पाय दुसरीकडे, हा निखळ आनंद. पिंजरा लहान असेल तर हे कधी दिसणारच नाही.

कान. उभे आणि एकाच दिशेला वळलेले: काहीतरी ऐकतोय. एक पुढे, एक मागे: अर्धं लक्ष, बाकी ठीक. पाठीवर सैल टेकलेले, अंगही सैल: विश्रांती. पाठीला घट्ट चिकटलेले, अंग ताठ, शेपूट वर, मान पुढे: हल्ल्याची तयारी. ‘कान मागे’ या एका खुणेचे दोन टोकाचे अर्थ झाले बघा. म्हणून आधी अंग. लोंबत्या कानांच्या जातीत तर कान जवळपास काहीच सांगत नाहीत. त्यांच्या कानाच्या मुळाची हालचाल पाहावी लागते.

डोळे-नाक. जागा असताना ससा नाक सतत हलवत असतो. हालचाल मंद होत होत थांबली की तो झोपेकडे निघाला. अंग ताठ आणि नाक अचानक बंद, म्हणजे तो जागच्या जागी थिजलाय. डोळ्यांच्या कडांचं पांढरं दिसायला लागलं तर तो घाबरलेला आहे. ससा डोळे उघडे ठेवूनही झोपतो, तेव्हा ‘उघडे आहेत म्हणजे जागा आहे’ हा हिशेब चालत नाही.

तपासा: रोज एकदा, लांबूनच, मनात वाक्य पूर्ण करा: ‘अंग __, कान __, नाक __.’ तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तरच अर्थ लावा. जुळत नसतील तर थांबा आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघा.

## टप्पा 5: आवाज

ससा मुका नाही, पण जपून बोलतो.

कपाळावरून हात फिरवताना दातांची बारीक, मऊ किरकिर जाणवते. ती कानापेक्षा बोटांनाच जास्त कळते, गाल थरथरतात. हे समाधान. याच दातांचा मोठा, तुटक करकर आवाज, तोही कुणी हात लावलेला नसताना, म्हणजे वेदना. एकदा हा फरक कानात बसला की विसरत नाही.

नाकातून ‘घुर्र’, पाठोपाठ पुढच्या पायांची चापट: माझ्या जागेतून हात काढ. पिंजऱ्यात हात घालून वाडगा उचलताना मादी असं हमखास करते. तिला रागावू नका, ती बाहेर असताना साफसफाई करा.

किंकाळी ऐकायची वेळ कुणावर न येवो. लहान मुलाच्या रडण्यासारखी असते. ती जिवाच्या भीतीची किंवा भयंकर वेदनेची असते, दुसरा अर्थ नाही.

मागचा पाय आपटणं हा इशारा आहे, हट्ट नाही. एका पावसाळी रात्री आमचा खोबऱ्या (रंगावरून नाव) दहा-दहा सेकंदांनी धप्प धप्प करत होता. मी दोनदा उठून दटावलं. तिसऱ्यांदा टॉर्च मारला तर लाकडांच्या ढिगात धामणीचं शेपूट सरकत होतं. तेव्हापासून मी आधी टॉर्च मारतो, मग बोलतो. पाय आपटला की दिशा बघा, कारण शोधा, काहीच नसेल तर जवळ बसून राहा. ओरडलात तर त्याच्या भीतीला तुम्ही दुजोराच देता.

## टप्पा 6: हमखास चुकीचं वाचलं जाणारं वागणं

हनुवटी खुर्चीच्या पायाला, तुमच्या चपलेला, दाराच्या चौकटीला घासणं: हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. ‘हे माझं’ असा शिक्का तो मारतो. खाज नाही, उपचार नकोत.

पायांभोवती गोल गोल फिरणं आणि बारीक हुंकार: लोक याला ‘नाचतोय’ म्हणतात. वयात आलेल्या सशाची ती कामेच्छा असते. साधारण चार महिन्यांपासून हे सुरू होतं, आणि त्याबरोबर लघवीचे फवारेही. नर-मादी एकत्र असतील तर हे दिसण्याआधीच वेगळे करा. महिनाभरात पिल्लं होतात आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदीसाठी सशाला भूल दिल्याचा अनुभव असलेलाच डॉक्टर गाठा.

तोंडात गवत धरून फिरणं, छातीचे केस उपटून घरटं करणं: मादी एकटीच असेल तर ही खोटी गर्भधारणा. दोन-अडीच आठवड्यांत उतरते. घरटं उचकटून टाकू नका, ती पुन्हा केस उपटेल. तेवढे दिवस तिला हाताळू नका आणि ती खातेय ना एवढं पाहा.

पाठ फिरवून बसणं, जाताना मागचे पाय झटकणं: रुसवा. नखं कापलीत ना तुम्ही सकाळी? जाईल.

नारिंगी किंवा लालसर लघवी बरेचदा खाल्लेल्या पाल्याच्या रंगाने होते, दुधाळ लघवी चुन्याने. पण ससा कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल, तर डॉक्टर.

## टप्पा 7: हात लावणं आणि उचलणं

सुरुवात कपाळापासून, दोन डोळ्यांच्या मध्ये. मग गाल, कानांचं मूळ. हनुवटी, पोट, पाय, शेपूट सोडा. त्याने डोकं जमिनीला टेकवलं तर तो ‘अजून’ म्हणतोय. हात काढल्यावर नाकाने ढोसलं तर तेही ‘अजून’. पण नाकाने ढोसून बाजूने निघून गेला, तर ‘सरक’.

उचलायचं फक्त गरजेपुरतं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच अंगाशी धरा. मागचे पाय लोंबते राहिले आणि त्याने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. सशाचे पाय ताकदवान असतात आणि हाडं हलकी. कानांना धरून कधीच नाही. जमिनीवर सोडताना आधी मागचे पाय टेकवा.

सावध: सशाला उताणा केला की तो स्तब्ध होतो आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात, ‘बघा कसा झोपला.’ तो झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तोंडात सापडल्यावरचं ते मेल्याचं सोंग आहे. नखं कापायलाही उताणा करू नका. एकाने पोटाशी धरावं, दुसऱ्याने कापावीत.

गणपतीत हा टप्पा सगळ्यात जास्त मोडतो. मुंबईहून आलेली दहा मुलं आणि एक ससा. मी मुलांना हातात ससा देत नाही, दुर्वांच्या निवडीतून उरलेल्या काड्या देतो. जमिनीवर बसा आणि काडी पुढे धरा, येईल तो. फटाके आणि शिमग्यातल्या ढोलांच्या रात्री आतल्या खोलीत, खोक्यासकट. त्या रात्री नाही खाल्लं तर सकाळी लक्ष ठेवा, कारण भीतीनेही सशाचं पोट बंद पडतं.

## टप्पा 8: वागणं नव्हे, दुखणं

न खाणं. सशाचं आतडं सतत चालू लागतं आणि त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर ते आजचं काम आहे, उद्याचं नाही. आवडता पाला तोंडाशी धरा. हुंगून तोंड फिरवलं, पाठ कमानीसारखी, दात करकरतायत, कान गार लागतायत, तर निघा. वही इथे कामी येते: शेवटची लेंडी कधी, हे डॉक्टर पहिलं विचारतील.

उकाडा. कोकणात पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमटपणा जिवावर येतो. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो, आणि 28-30 अंशांपुढे त्याला जड जायला लागतं. इथे मी स्वतः चुकलोय. मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली, खोबऱ्या लांब पसरलेला. मी म्हटलं, आरामात आहे. तासाभराने कान हातात घेतले तर तव्यासारखे, नाक आणि हनुवटी ओली. निवांत पसरलेला ससा हाक मारली की कान फिरवतो. उष्मा लागलेला फिरवत नाही, भात्यासारखा श्वास घेतो, लाळ गळते. अशा वेळी सावलीत, वाऱ्यात न्या, साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करा, आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाचं पाणी ओतू नका, बुडवू नका, तोंडात पाणी ढकलू नका. खबरदारी म्हणून गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून रोज अकरा वाजता शेजारी ठेवा, वीज असो-नसो.

पावसाळा. मागची बाजू सकाळ-संध्याकाळ बघा, पण उताणा न करता. केस ओले किंवा लेंडीने माखलेले असतील तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. ससा अस्वस्थ होतो, सारखा मागे वळून बघतो, मग एकदम गप्प. अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय नकोत, तास मोजून जा. पेंढा उडवीतून काढताना बुरा आलेला, कुबट वासाचा असेल तर टाकून द्या. शिंका येणं आणि पुढच्या पायांचे आतले केस चिकट होणं (तो नाक पुसत असतो) ही सर्दीची खूण.

मान एकीकडे कलणं, तोल जाणं हे कधीच ‘लाडात’ नसतं. त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरकडे जाताना. तालुक्यातले बहुतेक डॉक्टर गुरांचे आणि कुत्र्यांचे. म्हणून दोन गोष्टी तुम्ही स्वतः बोलून दाखवा, संकोच करू नका: पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे देत नाहीत, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल सशावर वापरत नाहीत, दोन्हींनी ससे दगावतात. उपाशी ठेवून आणायला सांगितलं तर ‘सशाला चालत नाही ना?’ एवढं विचारा. टोपलीत गोणपाट आणि मूठभर त्याचं नेहमीचं गवत घाला, वरून फडकं टाका, एसटीत टोपली मांडीवर घ्या, पायाशी इंजिनाच्या बाजूला नको. आणि वहीबरोबर आदल्या रात्रीच्या लेंड्या एका कोरड्या डबीत.